ल्युकेमियाच्या पेशींतील जनुकांची अभिव्यक्ती कशी मोजावी: पहिल्या प्रयोगाची तयारी

एखाद्या पेशीत कोणते जनुक किती प्रमाणात कामाला लागले आहे, याचा अंदाज त्या जनुकापासून तयार झालेल्या संदेशवाहक आरएनएच्या प्रमाणावरून बांधता येतो. ल्युकेमियाच्या अभ्यासात हे मापन आता रोजचे झाले आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णाला औषध किती लागू पडते आहे, हे बीसीआर-एबीएल१ या जोडजनुकाच्या आरएनएवरून पाहतात आणि आंतरराष्ट्रीय मापनपट्टीवर तो आकडा ०.१ टक्का किंवा त्याखाली आला, की त्याला 'मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स' म्हणतात. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला मात्र बहुधा याहून साधे काम मिळते: ल्युकेमियाच्या पेशींना एक औषध द्यायचे आणि दोन-चार जनुकांची अभिव्यक्ती वाढली की घटली ते आरटी-क्यूपीसीआर पद्धतीने, म्हणजे आरएनएपासून डीएनए बनवून तो चक्रागणिक वाढवत, मोजायचे. हा लेख त्या कामासाठी आहे.

क्यूपीसीआरचे यंत्र प्रत्येक खळग्यासाठी 'सीटी' नावाचा आकडा देते (डीएनए दिसण्याइतका वाढायला किती चक्रे लागली तो आकडा; तो जितका कमी, तितका आरएनए जास्त) आणि तो दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत देते. त्या दोन स्थळांमुळे मापन फार अचूक झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात यंत्राची चूक किरकोळ असते. मोठ्या चुका पेशी फ्लास्कमध्ये वाढत असतानाच होऊन गेलेल्या असतात आणि यंत्र त्या चुकाच अतिशय काटेकोरपणे मोजून दाखवते. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा फ्लास्कला अधिक जागा दिली आहे.

उदाहरणादाखल एक प्रयोग

समजण्यास सोपे जावे म्हणून एकच प्रयोग समोर ठेवू. एचएल-६० ही १९७० च्या दशकात तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या एका स्त्रीच्या रक्तातून मिळवलेली सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींचा वंश, आहे. या पेशी अपक्व अवस्थेत अडकलेल्या असतात, पण ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल, म्हणजेच 'अत्रा', दिल्यास काही दिवसांत त्या न्यूट्रोफिलसारख्या परिपक्व होऊ लागतात. पेशी परिपक्व होताना एमवायसी या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाची अभिव्यक्ती घटते आणि सीडी११बी हे प्रथिन बनवणाऱ्या आयटीजीएएम जनुकाची वाढते. एक जनुक खाली जाते, दुसरे वर जाते आणि दोन्हींची दिशा आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे हात बसवण्यासाठी हा प्रयोग उत्तम. एक खुलासा इथेच करायला हवा. अत्रा हे औषध तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर वापरतात आणि त्या आजारात पीएमएल-आरएआरए हे जोडजनुक असते. एचएल-६० मध्ये ते नाही. त्या जोडजनुकाचा अभ्यास करायचा असेल, तर एनबी४ ही सेल लाइन घ्यावी लागते.

पेशी: इथे घाई करू नये

गोठवलेल्या पेशी वितळवल्यानंतर लगेच प्रयोगाला घेऊ नयेत. त्यांना किमान दोन पॅसेज (पेशी पातळ करून ताज्या माध्यमात पुन्हा वाढवणे) सावरू द्यावे आणि त्या वेळात दोन तपासण्या उरकून घ्याव्यात. पहिली तपासणी मायकोप्लाझ्माची. या जीवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो इतका लहान असतो की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही आणि माध्यम गढूळही होत नाही. फ्लास्क निरोगी दिसत राहतो आणि आतल्या पेशींची जनुक अभिव्यक्ती मात्र बदललेली असते. दुसरी तपासणी पेशींच्या ओळखीची. एसटीआर प्रोफाइलिंग, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी, केल्याशिवाय फ्लास्कवर लिहिलेले नाव खरे मानू नये, कारण एका सेल लाइनमध्ये दुसरी मिसळून गेल्याची उदाहरणे या क्षेत्रात भरपूर आहेत.

एचएल-६० पेशी तळाला चिकटत नाहीत, त्या माध्यमात तरंगत वाढतात. आरपीएमआय-१६४० माध्यम, त्यात १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम, ३७ अंश सेल्सियस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, एवढी त्यांची गरज असते. पेशींची दाटी दर मिलिलिटरला साधारण १ लाख ते १० लाख यांच्या दरम्यान ठेवावी. फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा ट्रायपॅन ब्लू रंग घालून मोजल्यावर ९० टक्क्यांहून अधिक पेशी जिवंत नसतील, तर त्या दिवशी प्रयोग सुरू करू नये.

आता दाटीविषयी, कारण नवशिक्यांचे सर्वाधिक नुकसान इथे होते. समजा दोन फ्लास्कमध्ये दर मिलिलिटरला २ लाख पेशी घातल्या, एकात अत्रा टाकले आणि दुसरा तुलनेसाठी नियंत्रण म्हणून ठेवला. अत्रा दिलेल्या पेशींची वाढ हळूहळू थांबते, पण नियंत्रण फ्लास्कमधल्या पेशी वाढतच राहतात, आणि ७२ तासांनी तिथली दाटी १० लाखांवर जाऊन पोहोचते. माध्यम पिवळट पडते, पोषकद्रव्ये संपत येतात आणि उपाशी पेशींमध्ये एमवायसी आपोआपच घटू लागते. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो पायाच खचलेला असतो, आणि अत्राचा परिणाम आहे त्यापेक्षा कमी दिसतो. यावर उपाय दोन आहेत: नियंत्रण फ्लास्क कमी दाटीने सुरू करावा, किंवा मधल्या काळात ताजे माध्यम घालून दोन्ही फ्लास्कमधली दाटी जवळपास सारखी ठेवावी. पेशी काढण्याच्या दिवशी दोन्हींची मोजणी करून आकडे वहीत लिहावेतच.

अत्रा पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते डीएमएसओमध्ये विरघळवतात. डीएमएसओ हे निरुपद्रवी द्रावक आहे असे सर्वसाधारणपणे धरून चालतात, पण एचएल-६० पेशींना सुमारे १.२५ टक्के डीएमएसओ दिले, तर अत्राशिवायही त्या परिपक्व होतात! हे मी वाचून नव्हे, तर चुकून शिकलो. माझ्या पहिल्या प्रयोगात मी अत्राचे मूळ द्रावण १०० मायक्रोमोलर इतके पातळ केले होते, त्यामुळे माध्यमात १ मायक्रोमोलर अत्रा हवे म्हणून जेवढे द्रावण ओतले, त्याबरोबर १ टक्का डीएमएसओही गेले. नियमाप्रमाणे नियंत्रण फ्लास्कमध्येही तेवढेच डीएमएसओ घातले होते आणि तिथेही आयटीजीएएम वाढलेले निघाले. औषध काम करत नाही, असे मी आठवडाभर समजत होतो. मूळ द्रावण १० मिलिमोलरचे करावे, म्हणजे माध्यमात डीएमएसओचे प्रमाण ०.०१ टक्का राहते. नियंत्रण फ्लास्कमध्ये तितकेच डीएमएसओ घालावे आणि शिवाय काहीही न घातलेला तिसरा फ्लास्क ठेवावा. अत्रा प्रकाशाने खराब होते, म्हणून नळीला फॉइल गुंडाळावे आणि छोट्या छोट्या भागांत गोठवून ठेवावे. ते गर्भाला घातक आहे, हेही हाताळणाऱ्याला ठाऊक असावे.

सेल लाइनऐवजी रुग्णांचे नमुने हाताळायचे असतील, तर काम निराळे होते. नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती आधी हवी आणि काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच करावे. रक्त ईडीटीएच्या नळीत घ्यावे. हेपॅरिन पीसीआरला अडथळा आणते. मुख्य अडचण मात्र मिश्रणाची असते. एका नमुन्यात ९० टक्के ब्लास्ट पेशी (अपक्व कर्कपेशी) आणि दुसऱ्यात ३० टक्के असतील, तर दोन नमुन्यांतला अभिव्यक्तीतला फरक कर्कपेशींमधला आहे की केवळ उरलेल्या निरोगी पेशींच्या प्रमाणातला, हे क्यूपीसीआर सांगू शकत नाही. म्हणून फिकोल या घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर एककेंद्रकी पेशी वेगळ्या काढाव्यात, ब्लास्टचे प्रमाण नोंदवावे आणि शक्य असल्यास त्या पेशी निवडून वेगळ्या करूनच घ्याव्यात.

आरएनए काढणे

एमवायसीच्या संदेशवाहक आरएनएचे अर्धायुष्य अर्ध्या तासाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. फ्लास्क बाहेर काढून फोनवर बोलत उभे राहिल्यास तेवढ्या वेळात मोजायची वस्तूच बदलून जाते. त्यामुळे सर्व नमुने सारख्या क्रमाने, सारख्या वेळात हाताळावेत. ५० लाख पेशी सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) पाच मिनिटे फिरवाव्यात, थंड पीबीएस या क्षारद्रावणाने एकदा धुवाव्यात आणि वरचा द्रव पूर्ण काढून तळाशी बसलेल्या पेशींच्या साक्यावर लगेच १ मिलिलिटर फिनॉल-ग्वानिडीन अभिकर्मक घालावा. पिपेटने वर-खाली करून साका पूर्ण विरघळला, की पेशीतले आरएनए तोडणारे एन्झाइम निकामी होतात आणि पहिल्यांदा थोडी उसंत मिळते. या टप्प्यावर नळ्या उणे ८० अंशांना ठेवून उरलेले काम दुसऱ्या दिवशी केले तरी चालते.

हा अभिकर्मक त्वचा भाजतो, म्हणून काम फ्यूम हूडमध्ये हातमोजे घालून करावे. त्याच्या टाकाऊ द्रवात ब्लीच कधीही ओतू नये. ग्वानिडीन आणि ब्लीच एकत्र आले की विषारी वायू तयार होतो. निर्जंतुकीकरणासाठी सगळीकडे ब्लीच ओतण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पुढची कृती ठरलेली आहे. ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म घालून नळी जोरात हलवावी, दोन-तीन मिनिटे ठेवावी आणि ४ अंशांना १२,००० जी वर १५ मिनिटे फिरवावी. नळीत तीन थर दिसतील: खाली गुलाबी, मध्ये पांढरट पापुद्रा आणि वर रंगहीन पाणीदार थर. आरएनए वरच्या थरात असतो आणि पापुद्र्यात डीएनए. इथे लोभ आवरावा. वरचा थर सगळा ओढून घेण्याच्या नादात पिपेटचे टोक पापुद्र्याला लागले, तर डीएनए बरोबर येतो. वरच्या थराचा पाचवा भाग नळीतच राहू दिला तरी काही बिघडत नाही. काढलेल्या द्रवात अर्धा मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल घालून दहा मिनिटे ठेवावे, १२,००० जी वर दहा मिनिटे फिरवावे, ७५ टक्के इथेनॉलने धुवावे आणि साका किंचित ओलसर असतानाच आरएनेजमुक्त (आरएनए तोडणारे एन्झाइम नसलेल्या) पाण्यात विरघळवावा. तो पूर्ण वाळवला, तर विरघळता विरघळत नाही. कॉलमचे किट वापरले, तर हे सगळे सोपे होते आणि नवशिक्याने ते वापरण्यात कमीपणा नाही.

दर १० लाख पेशींमागे साधारण ५ ते १० मायक्रोग्रॅम आरएनए मिळायला हरकत नाही. परिपक्व झालेल्या पेशींतून तो कमी मिळतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरचे गुणोत्तर २.० च्या जवळ असावे. २६० आणि २३० चे गुणोत्तर १.५ च्या खाली असेल, तर फिनॉल किंवा ग्वानिडीन राहून गेले आहे असे समजावे आणि आरएनए पुन्हा धुवावा. ही गुणोत्तरे शुद्धता सांगतात. आरएनए अखंड आहे की तुटलेला, हे सांगत नाहीत. त्यासाठी जेलवर रायबोसोमच्या आरएनएच्या २८एस आणि १८एस या दोन ठळक पट्ट्या पाहाव्यात किंवा सोय असल्यास आरएनएची अखंडता सांगणारा आरआयएन अंक काढावा, जो १ (तुटलेला) ते १० (अखंड) च्या दरम्यान असतो. अखेरीस डीएनेज एन्झाइमने उरलासुरला डीएनए नष्ट करावा. एचएल-६० मध्ये एमवायसी जनुकाच्या प्रतीच मुळात वाढलेल्या असतात, त्यामुळे तिथे डीएनएची भेसळ अधिकच महागात पडते.

सीडीएनए आणि प्रायमर

रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे आरएनएपासून डीएनए बनवणारे एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले. आपण ते २० मायक्रोलिटरच्या नळीत वापरतो आणि त्यातून मिळणाऱ्या डीएनएला सीडीएनए म्हणतो. सर्व नमुन्यांतून नेमका सारखाच आरएनए घ्यावा, ५०० नॅनोग्रॅम किंवा १ मायक्रोग्रॅम. सर्व नमुने एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून करावेत, कारण या क्रियेची कार्यक्षमता दिवसागणिक बदलते. प्रत्येक नमुन्याची एक जोडनळी एन्झाइमशिवाय करावी. पुढे क्यूपीसीआरमध्ये या जोडनळीचा सीटी मूळ नळीपेक्षा किमान ७ चक्रांनी उशिरा यायला हवा. ७ चक्रे म्हणजे १२८ पट फरक, अर्थात डीएनएचा वाटा एक टक्क्याहून कमी. तयार सीडीएनए पाच ते दहा पट पातळ करून वापरावा, कारण मूळ मिश्रण पीसीआरला मंदावते.

प्रायमर, म्हणजे कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या साखळ्या, १८ ते २२ अक्षरांचे असावेत, त्यांचे वितळण तापमान ६० अंशांच्या आसपास असावे आणि त्यांनी ७० ते २०० अक्षरांचा तुकडा वाढवावा. दोन एक्झॉनच्या (संदेशवाहक आरएनएत टिकणाऱ्या जनुकभागांच्या) सांध्यावर बसणारा प्रायमर निवडल्यास तो जनुकीय डीएनएवर काम करत नाही. हा उपाय जीएपीडीएच आणि एसीटीबी यांच्या बाबतीत मात्र पुरेसा नसतो, कारण या दोन्ही जनुकांच्या इन्ट्रॉन (एक्झॉनांमधले, आरएनएतून गळणारे भाग) नसलेल्या अनेक छद्मप्रती जीनोममध्ये विखुरलेल्या आहेत. प्रायमर मागवण्यापूर्वी ते प्रायमर-ब्लास्ट या ऑनलाइन साधनावर तपासावेत.

प्रायमर आल्यावर त्यांची कार्यक्षमता मोजावी लागते. सीडीएनएची क्रमाने पातळ केलेली पाच द्रावणे घेऊन सीटी आणि सांद्रतेचा लॉगरिदम यांचा आलेख काढतात. उतार उणे ३.३२ आला, तर प्रत्येक चक्रात तुकडे बरोबर दुप्पट होत आहेत, उणे ३.१ ते उणे ३.६ पर्यंत चालते. आयटीजीएएमचा आलेख नियंत्रण पेशींच्या सीडीएनएवर काढू नये, कारण तिथे ते जनुक इतके कमी असते की दोनच द्रावणांत यंत्राची मर्यादा येते. अत्रा दिलेल्या पेशींचा सीडीएनए घ्यावा आणि दहापट नव्हे तर पाचपट पातळ करत जावे.

संदर्भ जनुक

क्यूपीसीआर एमवायसीचे प्रमाण सांगत नाही. दुसऱ्या एखाद्या जनुकाच्या तुलनेत एमवायसी किती, एवढेच सांगते. ते दुसरे जनुक स्थिर असेल, तरच उत्तराला अर्थ आहे. सवयीने सगळे जीएपीडीएच घेतात. पण ते ग्लुकोज वापरण्याच्या मार्गातले जनुक आहे आणि अत्रा पेशींची वाढच थांबवते, तेव्हा त्याची पातळी जागची हलणार नाही, असे गृहीत धरण्याला आधार नाही. ल्युकेमियाच्या निदानशाळांत एबीएल१, जीयूएसबी आणि बी२एम ही संदर्भ जनुके प्रचलित आहेत. त्यांपैकी दोन-तीन निवडून आपल्याच नमुन्यांवर, अत्रासह आणि अत्राशिवाय, तपासावीत आणि सर्वांत कमी हलणारी दोन ठेवून त्यांच्या सीटींची सरासरी वापरावी. के५६२ या ल्युकेमियाच्या दुसऱ्या सेल लाइनवर काम करणाऱ्यांनी एबीएल१ घेताना विचार करावा. त्या पेशींत बीसीआर-एबीएल१ मुबलक असते आणि एबीएल१ चे नेहमीचे प्रायमर त्यालाही मोजतात.

प्लेट आणि हिशोब

प्लेट भरणे हे एकाग्रतेचे काम आहे, कौशल्याचे कमी. प्रत्येक नमुना तीन खळग्यांत घालावा, एका जनुकाचे सर्व नमुने एकाच प्लेटवर घ्यावेत आणि प्रत्येक प्रायमरजोडीसाठी सीडीएनएऐवजी पाणी घातलेला खळगा ठेवावा. डीएनएला चिकटून चमकणारा सायबर ग्रीन रंग वापरताना ९५ अंशांना १५ सेकंद आणि ६० अंशांना एक मिनिट अशी ४० चक्रे पुरतात. शेवटी वितळण-वक्र अवश्य पाहावा: एकच टोकदार शिखर असले, तर एकच तुकडा वाढला आहे. कमी तापमानाला बुटके शिखर दिसले, तर प्रायमर एकमेकांना चिकटत आहेत. तीन खळग्यांच्या सीटींमध्ये ०.५ हून अधिक अंतर असेल, तर बहुधा पिपेट हातात तिरके होते.

आता कल्पित आकडे घेऊन हिशोब करू. नियंत्रण पेशींत एमवायसीचा सीटी २०.१ आणि संदर्भ जनुकाचा २४.३ आला, फरक उणे ४.२. अत्रा दिलेल्या पेशींत एमवायसी २३.४ आणि संदर्भ २४.६, फरक उणे १.२. या दोन फरकांमधला फरक अधिक ३. एमवायसीची अभिव्यक्ती दोनाच्या उणे तिसऱ्या घाताइतकी, म्हणजे एक अष्टमांश उरली. आयटीजीएएमचा सीटी २९.८ वरून २५.१ वर आला, तर फरक ५.५ वरून ०.५ होतो आणि अभिव्यक्ती दोनाच्या पाचव्या घाताइतकी, म्हणजे ३२ पट वाढलेली दिसते. लिवाक आणि श्मिटगेन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही पद्धत दोन्ही प्रायमरांची कार्यक्षमता पूर्ण १०० टक्के धरते. आयटीजीएएमच्या प्रायमरची ९० टक्केच असेल, तर दोनाऐवजी १.९ चे घात घ्यावे लागतात आणि त्याच सीटींवरून उत्तर ३२ ऐवजी सुमारे २५ पट येते. कार्यक्षमता मोजायला सांगितली, ती यासाठी.

तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. त्यांतून फक्त पिपेटच्या हाताची स्थिरता कळते. संपूर्ण प्रयोग, फ्लास्क सुरू करण्यापासून, किमान तीन वेगवेगळ्या दिवशी करावा आणि सांख्यिकीय चाचणी पटींवर न लावता सीटींच्या फरकांवर लावावी, कारण पटींचे आकडे वरच्या बाजूला ताणलेले असतात: अर्धे होणे ०.५ वर थांबते, दुप्पट होणे २ वर जाते. आणखी एक मर्यादा ध्यानात असावी. आपण सारख्या वजनाचा आरएनए घेतला, सारख्या संख्येच्या पेशींचा नव्हे. परिपक्व पेशीतला एकूण आरएनएच कमी झाला असेल, तर प्रति पेशी घट आपल्या आकड्यापेक्षा मोठी असते. शिवाय आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलेच, असे नाही. त्याच फ्लास्कमधल्या थोड्या पेशी बाजूला काढून फ्लो सायटोमीटरवर सीडी११बी पाहून ठेवावे, म्हणजे आयटीजीएएमच्या आकड्याला दुसरा साक्षीदार मिळतो.

क्यूपीसीआरच्या अहवालात काय काय द्यावे, याची एमआयक्यूई नावाची यादी २००९ पासून उपलब्ध आहे. ती प्रयोग संपल्यावर नव्हे, तर सुरू करण्यापूर्वी वाचावी, कारण तिच्यातल्या निम्म्या गोष्टी वेळेवर लिहून ठेवल्या नाहीत, तर नंतर सापडत नाहीत. उरलेला आरएनए उणे ८० अंशांना छोट्या भागांत ठेवावा आणि नळीवर केवळ 'एचएल-६० अत्रा' असे न लिहिता पॅसेज क्रमांक, औषधाचे तास, काढतेवेळची पेशींची दाटी आणि तारीख लिहावी.